ओरडलात ते बरं केलंत: समोरच्या काकांना पत्र

प्रिय काका,

स. न. वि. वि.

आभाराचं पत्र हातात द्यावं, हे मला कळतं. तरीही हे सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण गोठणाऱ्या पावसानं लाइट गेले होते त्या नऊ दिवसांत मी तुम्हाला ‘खडूस म्हातारा’ म्हटलं होतं. एकदा नाही, तीनदा, आणि तेही घरात पाचजण बसलेले असताना. माफी मागायची तर ती ऐकायलाही तेवढीच माणसं हवीत.

लोक मदतीचे आभार मानतात तेव्हा कुणीतरी काहीतरी दिलेलं किंवा करून दिलेलं असतं. तसं तुम्हीही पुष्कळ केलंत. सासूबाईंना सहा रात्री तुमच्या लाकडाच्या शेगडीपाशी झोपायला जागा दिलीत. त्याबद्दल त्या स्वतंत्र लिहिणार आहेत, आणि त्यांचं पत्र माझ्यापेक्षा मोठं असेल अशी मला भीती आहे. माझे आभार वेगळ्या गोष्टीसाठी आहेत. आम्ही जे जे करायला निघालो होतो, ते तुम्ही आम्हाला करू दिलं नाहीत.

त्या संध्याकाळी पाऊस पडायला लागला तेव्हा मी खिडकीत उभी राहून फोटो काढत होते. बाहेर शून्याच्या खाली एखादाच अंश, आणि तरी पाऊस! वर ढगात बर्फ, मध्ये उबदार हवेचा थर, तिथे बर्फाचं पाणी होतं आणि जमिनीलगतच्या थंड हवेत ते गोठायला वेळच मिळत नाही. मग ते जिथे टेकेल तिथे गोठतं. फांदीवर, तारेवर, दाराच्या कडीवर. हे सगळं तुम्ही नंतर सांगितलंत. त्या वेळी मला ते फक्त काचेचं झाड वाटत होतं. रात्री फांद्या मोडायला लागल्या तेव्हा फटाके फुटावेत तसे आवाज येत होते. पहाटे तीनच्या सुमाराला आकाशात एक निळसर झगझगाट झाला आणि लाइट गेले.

सकाळी आमचं बर्चचं झाड कमरेत वाकून नमस्कार करत होतं. शेंडा जमिनीला टेकलेला. त्याच्या पलीकडे फुटपाथवर एक तार पडलेली. माझा नवरा केरसुणी घेऊन बर्फ झटकायला निघाला आणि समोरून तुमची आरोळी आली, “तिथेच थांब! एक पाऊल पुढे टाकू नकोस!” आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, इतक्या ताबडतोब त्यानं माझं कधी ऐकलेलं नाही.

तुम्ही दारातूनच सांगितलंत. पडलेली तार मेलेली आहे असं कधीच धरायचं नाही, ठिणगी दिसत नसली तरी. किमान दहा मीटर लांब राहायचं, कुणाला जवळ जाऊ द्यायचं नाही आणि वीज कंपनीला फोन करायचा. आणि बर्चला हात लावायचा नाही. बर्फानं ताठरलेली फांदी झटक्यानं मोडते, नाहीतर सुटून तोंडावर येते. बर्फ आपोआप वितळू दे, झाड आपलं आपण बघेल. मला राग आला होता. आमचं झाड, आमचं अंगण, आणि हे कोण सांगणार?

मग तुम्ही पाकिटाच्या मागे पेन्सिलीनं हिशेब मांडून दाखवलात. ते पाकीट मी जपून ठेवलं आहे. एक सेंटीमीटर जाड तार, तिच्याभोवती सगळीकडून एक सेंटीमीटर बर्फ. मीटरला साधारण 570 ग्रॅम. दोन खांबांमध्ये 50 मीटर अंतर असेल तर एका तारेवर 28 किलो. बर्फाचा थर दोन सेंटीमीटर झाला की तेच वजन 85 किलोच्या घरात. “थर दुप्पट, भार तिप्पट,” असं म्हणून तुम्ही पाकीट माझ्या हातात दिलंत. त्यानंतर ‘अजून कसे लाइट येत नाहीत’ हा प्रश्न मी निदान सकाळी तरी विचारणं बंद केलं.

जनरेटरची गोष्ट लिहिताना मात्र हात जरा थरथरतो. नवऱ्यानं मित्राकडून जनरेटर आणला. बाहेर पाऊस, म्हणून गॅरेजमध्ये ठेवायचा, शटर अर्धं उघडं ठेवायचं असं ठरलं. तुम्ही आलात ते हातात टेप घेऊनच. घरापासून सहा मीटर मोजलेत, एग्झॉस्टचं तोंड खिडक्यांच्या उलट दिशेला केलंत, वर लांबून छप्पर उभं केलंत आणि तुमच्या घरातला बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म काढून आमच्या झोपायच्या खोलीबाहेर लावलात. त्या वायूला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं थंडी बाधली, आणि तो पांघरूण ओढून झोपतो. 1998 च्या जानेवारीत कॅनडातल्या क्यूबेकमध्ये असाच गोठणारा पाऊस झाला तेव्हा तिथे मदतीला गेलेल्या लाइनमन मंडळींत तुम्ही होतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिथे पोलादी मनोरे आडवे झाले होते, काही घरांत महिनाभर वीज नव्हती, आणि माणसं थंडीनं गेली तशी या वायूनंही गेली. तुम्ही एवढंच सांगितलंत आणि टेप गुंडाळायला लागलात.

पण तुम्ही खरे भडकलात ते त्या वायरवर. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर नवऱ्यानं रात्री बसून बनवली होती. जनरेटरची वीज भिंतीच्या सॉकेटमध्ये सोडली की सगळं घर चालतं, असं त्यानं कुठेतरी बघितलं होतं. तुम्ही ती वायर उचललीत, खिशातून पक्कड काढलीत आणि आमच्यासमोर तिचे दोन तुकडे केलेत. मी ‘खडूस’ म्हटलं ते तेव्हाच, तिन्ही वेळा. ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो, घरातून बाहेर गेलेली वीज त्याच्यातून हजारो व्होल्ट होऊन लाइनवर चढते, हे तुम्ही त्याला शांतपणे समजावलंत. शेवटी म्हणालात, “लाइन बंद आहे समजून वर चढलेला माणूस असतो रे तिथे. एकतीस वर्षं तो माणूस मी होतो.” त्यावर कुणी काय बोलणार?

फ्रीजवरूनही आपली चकमक झाली. दार बंद ठेवलं तर फ्रीज चार तास, आणि गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस थंडी धरून ठेवतो. ते दोन दिवस संपले तेव्हा मी सगळं बाहेर ओट्यावर मांडायला निघाले होते. ऊन पडलं की डबा आतून तापतो आणि प्राणीही येतात, म्हणून तुम्ही उलट सांगितलंत: बादल्यांत पाणी भरून बाहेर ठेवा, बर्फ झाला की तो आत आणा. इतकं सोपं, आणि मला सुचलं नाही.

चौथ्या दिवशी उत्तरेकडच्या भिंतीतला नळ बंद पडला. नवऱ्याच्या हातात गॅसची टॉर्च होती. (त्याच्या हातात त्या आठवड्यात काय काय होतं याची यादी करायला हवी.) तुम्ही ती काढून घेतलीत, आधी पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला लावलात, नळ उघडा ठेवलात आणि गरम पाण्यात पिळलेले टॉवेल नळाच्या बाजूनं मागे मागे सरकवत गेलात, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते. पाइप गोठताना फुटतो, पण फुटलाय हे कळतं वितळल्यावर. फुटलाच होता. व्हॉल्व्ह बंद असल्यामुळे तांब्याभर पाणी सांडलं, एवढंच.

एक गोष्ट मात्र तुम्ही आम्हाला करायला लावलीत, आणि तिचं मोल सगळ्यांत जास्त. दुसऱ्याच दिवशी आमच्या भिंतीवरचा, तार घरात येते तो वाकलेला पाइप दाखवून म्हणालात, “हा तुमचा, कंपनीचा नाही. हा सरळ झाल्याशिवाय गल्लीत लाइट आले तरी तुमच्या घरात येणार नाहीत.” आम्ही त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला फोन केला, तो चौथ्या दिवशी आला. सहाव्या दिवशी मागच्या गल्लीत दिवे लागले आणि मी तुमच्याशी भांडायला आले, जसं काही बटण तुमच्याकडेच होतं. आधी मोठ्या लाइन, मग सबस्टेशन, मग फीडर, म्हणजे सबस्टेशनातून वस्तीकडे येणाऱ्या तारा, शेवटी गल्ल्या आणि सुटी घरं. एका दुरुस्तीत जास्तीत जास्त घरं उजळतील तिथे माणसं आधी जातात. आम्ही फीडरच्या शेपटाला होतो. नवव्या दिवशी लाइनमन आले आणि आमची तार अर्ध्या तासात जोडून गेले. आमच्यापासून तिसऱ्या घराला, त्यांचा पाइप वाकलेलाच असल्यामुळे, आणखी तीन दिवस थांबावं लागलं.

हीटरपासून गीझरपर्यंत सगळं बंद करून एकच बल्ब चालू ठेवायला तुम्ही सांगितलं होतं, म्हणजे साऱ्या गल्लीचा भार एकदम पडून लाइन पुन्हा उडत नाही. तो बल्ब लागला तेव्हा मुलगी नाचली, मी रडले, आणि नवरा लगेच हीटर लावायला धावला. मी त्याला ओरडले. अगदी तुमच्यासारखी.

तुमचा अलार्म परत करायचा आहे; आम्ही आमचे दोन घेतले. बर्च आता बरंच सरळ झालं आहे, तुम्हाला खिडकीतून दिसत असेलच. एक फांदी मात्र अजून फुटपाथवर झुकलेली आहे. ती कापू का, असं नवरा सकाळपासून विचारतो आहे. मी म्हटलं, आधी समोर जाऊन विचारून ये.

तुमची,
समोरच्या घरातली भांडखोर