‘सर्व रुग्णांसाठी’ म्हणजे कोणासाठी?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत पथ्याच्या घरगुती रसांचं सदर सुरू झाल्यापासून आमच्याकडे भेटायला येणारे कात्रणं घेऊनच येतात. आमच्या ह्यांच्या किडन्या अधू, रक्तातलं पोटॅशियम सारखं वर सरकतं, आणि कात्रणात असतो गाजर-बीट-पालकाचा ग्लासभर रस, ‘सर्व रुग्णांसाठी उपयुक्त’!

आमच्या पथ्यात भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. पोटॅशियमचा बराच भाग त्याबरोबर जातो. चवही जाते, पण इलाज नाही. रसाचं नेमकं उलटं. ज्युसरच्या एका तोंडातून चोथा पडतो आणि पोटॅशियम बहुतेक सगळं ग्लासात उतरतं. कपभर गाजराच्या रसात ते जवळपास ७०० मिलिग्रॅम भरतं, संत्र्याच्या रसात ५००च्या आसपास, सफरचंदाच्या रसात त्याच्या निम्मं. तेवढी गाजरं ताटात वाढली तर कोणी संपवणार नाही, ग्लासातून मात्र घटाघटा जातात. पालक-बीटमध्ये वर ऑक्झलेट आहेच; मुतखड्याची सवय असलेल्यांनी ते जपून घ्यावं. त्यात मीठ कमी हवं म्हणून ‘लो सोडियम’ मीठ घालायला सांगितलंय. त्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक नसावं?

मधुमेहींना तर ‘साखर न घातलेला’ एवढं वाचलं की धीर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखर कमी करण्याबद्दल सूचना काढल्या, त्यात फळांच्या रसातली मूळची साखरही धरली आहे. रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिनची गोळी घेणाऱ्यांनी पालेभाजीचा रस एकाएकी सुरू केला, तर त्यातल्या ‘के’ जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम उतरतो.

रसाशी माझं वैर नाही. आतड्याच्या तपासणीआधी गाळलेला सफरचंदाचा रस डॉक्टरच प्यायला सांगतात, कारण तिथे चोथाच नको असतो. मीही ह्यांना कधीमधी देते. सोललेलं अर्धं सफरचंद, काकडीचा तुकडा, चार थेंब लिंबू. लिंबामुळे रस लवकर काळा पडत नाही. काकडी आधी चाखून बघते, कडू निघाली तर अख्खी फेकते. तो कडूपणा पोटाला बाधतो, साखरेने झाकायचा नसतो. रस मापाच्या कपाने मोजून तेवढं दिवसभराच्या पाण्यातून वजा करते, कारण आमचं पाणीही मोजून आहे. (ह्यांना ही वजाबाकी मुळीच पटत नाही.)

तेव्हा विनंती एवढीच की, प्रत्येक कृतीखाली ग्लास किती मिलिलिटरचा, त्यात साखर आणि पोटॅशियम साधारण किती, आणि तो कोणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हे छापावं. जागा कमी पडत असेल तर ‘अमृततुल्य’, ‘संजीवनी’ हे शब्द काढले तरी दोन ओळी सहज मिळतील.

आपली,
एक नियमित वाचक