१०-स्पीड शिफ्टरशी न जुळणारा १०-स्पीड डिरेलर परत घेण्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: शिमानो टियाग्रा आरडी-४७०० या मागच्या डिरेलरविषयी चुकीची माहिती देऊन केलेली विक्री व नाकारलेली परतफेड

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी वरील डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर सरकवणारा भाग, खरेदी केला. तो माझ्या सायकलच्या शिफ्टरशी, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलण्याच्या खटक्याशी, जुळत नाही. जुळेल असे मात्र आपण विक्रीच्या पानावर आणि माझ्या प्रश्नाच्या लेखी उत्तरात, असे दोन्हीकडे सांगितले होते. "एकदा बसवलेला भाग परत घेता येत नाही" असे कारण देऊन आपल्या ग्राहक सेवेने माझी विनंती नाकारल्यामुळे हे पत्र लिहावे लागत आहे.

माझ्या सायकलला टियाग्राचीच (शिमानो कंपनीचा रोड, म्हणजे रस्त्यावरच्या सायकलींसाठीचा गिअरच्या भागांचा गट) आधीची, म्हणजे ४६०० मालिका बसवलेली आहे; आपण विकलेला डिरेलर नंतरच्या ४७०० मालिकेतला आहे. मागचा डिरेलर आपटून वाकल्यामुळे तेवढाच बदलायचा होता, कारण शिफ्टर आणि १० चक्रांची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) उत्तम स्थितीत आहेत. आपल्या पानावर नव्या डिरेलरच्या वर्णनात "सर्व १०-स्पीड शिमानो रोड शिफ्टरसाठी योग्य" असे स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही पैसे भरण्यापूर्वी मी एसटी-४६०० हा शिफ्टरचा क्रमांक कळवून चॅटवर विचारणा केली, तेव्हा "दोन्ही १०-स्पीडच आहेत, काही अडचण येणार नाही" असे उत्तर आले.

वस्तुस्थिती अशी आहे की १० या आकड्यावरून कॅसेटवर किती चक्रे आहेत एवढेच कळते. शिफ्टर आणि डिरेलर एकमेकांशी जुळतात की नाही, हे एका क्लिकला शिफ्टर किती केबल ओढतो आणि तेवढ्या केबलवर डिरेलर किती सरकतो यावर ठरते. जुन्या १०-स्पीड रोड शिफ्टरमध्ये एका क्लिकला साधारण २.३ मिलिमीटर केबल ओढली जाते आणि त्या काळचा डिरेलर तिच्या सुमारे १.७ पट सरकतो. म्हणजे हालचाल ३.९ मिलिमीटरच्या आसपास होते, आणि १०-स्पीड कॅसेटवरील शेजारच्या दोन चक्रांमधले अंतरही जवळपास तेवढेच असते. २०१५ मध्ये आलेल्या ४७०० मालिकेत शिमानोने केबल आणि डिरेलरची हालचाल यांचे ११-स्पीड रोड गटाचे प्रमाण घेतले, ते साधारण १.४ पट आहे, आणि त्याला साजेसा शिफ्टर एका क्लिकला जास्त केबल ओढतो. माझा जुना शिफ्टर आणि आपला नवा डिरेलर यांची जोडी लावली की प्रत्येक क्लिकला हालचाल फक्त ३.२ मिलिमीटरच्या आसपास भरते. नऊ क्लिकमध्ये ही तूट सहा मिलिमीटरपेक्षा जास्त, म्हणजे दीड चक्राहून अधिक होते.

सायकलवर नेमके हेच दिसते. लहान चक्रांकडून जुळवणी केली तर पहिले दोन-तीन गिअर बरे पडतात, त्यानंतर चेन दोन चक्रांच्या मध्ये खडखडत राहते आणि सर्वांत मोठ्या चक्रापर्यंत पोहोचतच नाही. केबलचा ताण कमीजास्त करणारा बॅरल अ‍ॅडजस्टर फिरवून मधले गिअर जुळवले तर दोष दोन्ही टोकांना जातो. कात्रजसारख्या घाटात ज्या गिअरची खरी गरज असते, नेमका तोच मिळत नाही.

आपल्या प्रतिनिधीने सुरुवातीला केबल ताणली गेली असेल म्हणून नवी केबल टाकण्यास सांगितले, त्यानंतर हँगर (डिरेलर ज्यावर बसतो तो सांगाड्याचा भाग) तपासण्यास सांगितले. मेकॅनिककडून मी दोन्ही कामे पैसे देऊन करून घेतली. हँगर सरळ होता आणि नव्या केबलने काहीच बदलले नाही. शेवटी ४७०० मालिकेचे शिफ्टरही आपल्याकडूनच घ्यावेत असे सुचवण्यात आले. ते शिफ्टर या डिरेलरच्या कितीतरी पट महाग आहेत, आणि ते घेतले की माझा ४६०० चा पुढचा डिरेलरही बदलावा लागेल, हे मात्र त्या संभाषणात कोणी सांगितले नाही. चुकीच्या माहितीवर विकलेला एक भाग निस्तरण्यासाठी ग्राहकाने आणखी तीन भाग विकत घ्यावेत, ही सूचना मला मान्य नाही.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवते. शिमानोच्याच ड्युरा-एस या गटाची जुनी ७४०० मालिका वगळली तर शिमानोचे जुने ८ आणि ९-स्पीडचे रोड डिरेलर त्याच १.७ च्या प्रमाणाचे असल्यामुळे माझ्या शिफ्टरवर क्लिकला क्लिक चालतात. म्हणजे आपण "९-स्पीड" या गटात ठेवलेला एखादा स्वस्त डिरेलर मला उपयोगी पडला असता, आणि "१०-स्पीड" म्हणून दिलेला पडत नाही. केवळ आकड्यावरून माल लावण्याची आपली पद्धत किती फसवी आहे, हे यावरून ध्यानात यावे. कोणता भाग कशाशी जुळतो याचे तक्ते शिमानो स्वतः प्रसिद्ध करते, आणि सुटे भाग विकणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी ते पाहिलेले असावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही.

परतीच्या नकाराबाबत: डिरेलर जुळत नाही हे तो बसवल्याशिवाय कळण्याचा ग्राहकाजवळ मार्ग नाही. शिवाय जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर ती परत घेण्यास नकार देता येत नाही, अशी तरतूद ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये आहे.

त्यामुळे डिरेलर आपल्या खर्चाने परत न्यावा, त्याची पूर्ण किंमत आणि आपल्या सांगण्यावरून झालेला केबल व मेकॅनिकचा खर्च मला परत द्यावा, तसेच "४६०० आणि त्याआधीच्या १०-स्पीड शिफ्टरसाठी नाही" अशी सूचना त्या पानावर ठळकपणे लावावी. त्याच नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे आवश्यक आहे. तसे न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

खरेदीची पावती, चॅटची प्रत, विक्रीच्या पानाचे छायाचित्र आणि मेकॅनिकचे बिल सोबत जोडले आहे. डिरेलर मूळ खोक्यात तयार ठेवला आहे. तो नेण्यासाठी माणूस केव्हा येईल ते कळवावे.

आपली,
(सही)
एक ग्राहक, पुणे