गतिरोधक हवेत, पण निकषांनुसार

आमच्या नगरसेवकांनी प्रभागातील रस्ते, नाल्या आणि नव्या गतिरोधकांची माहिती रहिवाशांना दिल्याची बातमी वाचली. कामांचा असा हिशेब देणे स्वागतार्हच; हरकत आहे ती गतिरोधकांबाबत. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनुसार गतिरोधक काही मीटर रुंद, साधारण १० सेंटिमीटर उंच आणि गोलसर हवा, त्यावर पट्टे आणि त्याच्या आधी सूचनाफलक हवा. शाळेसमोर झाला आहे तो जेमतेम हातभर रुंदीचा डांबरी उंचवटा. दुचाकीवर मागे बसलेल्या बाईमाणसाला तिथे हमखास हिसका बसतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या याच रस्त्याने कारखान्याकडे जातात. रात्री पुढची ट्रॉली उंचवट्यावर एकदम मंदावली आणि तिला मागे रिफ्लेक्टर नसला, तर मागच्या दुचाकीस्वाराने करायचे काय? हंगामाआधी हा उंचवटा उखडून गतिरोधक निकषांप्रमाणे बांधावा.

– एक रहिवासी, लातूर जिल्हा