लूना कुणालाच कशी आठवली नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेले तीन रविवार तुमच्या पुरवणीत वाचकांच्या पहिल्या गाडीच्या आठवणी येताहेत, मी सगळ्या वाचल्या, काही तर आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवल्या. बुलेट झाली, राजदूत झाली, येझदीचे दोन सायलेन्सर झाले, चेतकसाठी किती वर्षं नंबर लावून बसलो ते झालं, एका गृहस्थांनी तर फियाटच्या स्टिअरिंगजवळच्या गिअरवर अर्धा कॉलम लिहिलाय. छान आहे सगळं. पण मोजून बघितलं तर एकही पत्र बाईचं नाही आणि लूना मोपेडचं तर कुठे नावच नाही! आणि हे आमच्या नगरच्या आवृत्तीत, म्हणजे लूना जिथे बनायची त्याच गावात. म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

१९७२ मध्ये कायनेटिकने लूना काढली, फिरोदियांची कंपनी, कारखाना आपल्या नगरला, ओळखीतले दोघंतिघं तिथे कामाला होते त्यामुळे घेताना "बाई, घरचीच गाडी आहे" असं सगळे म्हणायचे. मी घेतली १९८५ ला. मी भिंगारला शाळेत शिक्षिका आणि राहायला सावेडीत, अकराच्या शाळेसाठी पावणेदहाला घर सोडायचं, डीएसपी चौकापर्यंत चालत, तिथून एसटी नाहीतर जे मिळेल ते. ह्यांची येझदी होती की दारात, पण ती ह्यांच्या ऑफिसला जायची आणि दिवसभर तिथल्या लिंबाखाली उभी राहायची. मला शिकव म्हटलं तर किक तुला जमणार नाही म्हणाले, विषय संपला. मग मी पतसंस्थेचं कर्ज काढलं, पगारातून हप्ता कापून जायचा, आणि लूना आली. लाल रंगाची.

शिकले वाडिया पार्कवर. रविवारी सकाळी सहाला जायचं, कोणी बघायच्या आत. भाऊजी कॅरिअर धरून मागून पळायचे, सायकल येत होती म्हणून तोल होता पण घाबरले की माझा हात आपोआप अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा, सोडायच्या ऐवजी! दुसऱ्याच रविवारी क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या पिचवर सरळ घुसले आणि तिन्ही स्टंप आडवे केले. पोरांनी अंपायरसारखं बोट वर केलं. मीही हसले, भाऊजी मात्र पुढचे दोन रविवार काही आले नाहीत.

आजच्या मुलींना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण ह्या गाडीला पायडल होते, सायकलसारखे. स्टँडवर उभी करून पायडल मारायचे, दोनचार फेऱ्यांत फर्र करून पेटायची. गिअर नाही, क्लच नाही. चढावर दम लागला की आपण पायडल मारून तिला मदत करायची आणि पेट्रोल संपलंच तर पायडल मारत घरी. बुलेटवाल्याला ढकलत न्यावी लागते बरं का, तेवढं त्यांच्या पत्रात कोणी लिहीत नाही. इंजिन ५० सीसीचं, टू स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑईल घालावं लागायचं. मी अर्धा लिटर पेट्रोल घ्यायचे, पंपावरचा मुलगा वरून एवढंसं ऑईल घालायचा आणि मग दोन्ही हातांनी हँडल आणि सीट धरून गाडी डावीउजवीकडे गदागदा हलवायची, दोन्ही नीट मिसळायला. साडी नेसून भर पंपावर हे करताना पहिल्या वेळी फार लाज वाटली, नंतर सवय झाली, नंतर तर मी दुसऱ्या बायकांना सांगायचे, अजून हलवा म्हणून.

ऑईलमुळे सायलेन्सरमध्ये कार्बन साचायचा, मग गाडी ओढायची नाही. मेकॅनिक सायलेन्सर काढून विस्तवात लालबुंद करायचा, गार झाला की आपटायचा, काळी राख खाली पडायची. ते बघून एकदा ह्यांनी मेकॅनिकचे पैसे वाचवायला आमच्या आंघोळीच्या बंबात सायलेन्सर घातला. अख्ख्या वाड्यात असा काही धूर झाला की समोरचे काका पाण्याची बादली घेऊन आले. सासूबाई त्या दिवशी गार पाण्याने अंघोळ करून देवपूजेला बसल्या आणि संध्याकाळपर्यंत ह्यांच्याशी बोलल्या नाहीत. माझ्याशी बोलल्या!

सासूबाईंचं सांगायला हवं. गाडी आली तेव्हा त्यांनी ओवाळली पण तोंड बारीक होतं, लोक काय म्हणतील वगैरे. महिना झाला असेल, संकष्टी होती, ह्यांना वेळ नव्हता, तर हळूच म्हणाल्या, तुझ्या त्या फटफटीवर माळीवाड्याला विशाल गणपतीला जाता येईल का गं. मागे कॅरिअरच होतं, त्यावर फोमची उशी ठेवून जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेली. नऊवारीत एका बाजूला पाय सोडून बसल्या, एका हाताने माझा खांदा असा धरला होता की दोन दिवस दुखत होता. नंतर दर संकष्टी ठरलेलीच.

आता लूनावर डबलसीट बसायची परवानगी नव्हती आणि चौकात पोलीस असायचा. सासूबाईंना कोण अडवणार, पण मुलीला शाळेत सोडताना अडवायचे. मग आमचं ठरलेलं, चौक आला की ती टुणकन उतरायची, दप्तर पाठीवर, फुटपाथने चालत चौक ओलांडायची, मी सिग्नलवरून एकटी साळसूद चेहऱ्याने पलीकडे जायचे, आणि दहा पावलांवर ती परत उशीवर. पोलिसाला हे रोज दिसत होतं, तो दुसरीकडे बघायचा. बिचारा.

घर सोडायची वेळ पावणेदहाची साडेदहा झाली. ह्या पाऊण तासाचं मी काय केलं असेल? काही थोर केलं नाही. चहा बसून प्यायले. आणि येता जाता दळण, लाईटबिल, रॉकेलचा कॅन, आईकडे डबा, हे सगळं कोणाला न विचारता व्हायला लागलं. तुमच्या पुरवणीतल्या मंडळींच्या गाड्या सिंहगडावर नि महाबळेश्वरला गेल्या, माझी गिरणीवर गेली, पण रोज गेली.

गल्लीतली पोरं मला बघून "चल मेरी लूना" ओरडायची, टीव्हीवरच्या जाहिरातीमुळे. ती म्हणे प्रसिद्ध जाहिरातकार पियूष पांडे यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी, हे मला फार नंतर कळलं, तेव्हा फक्त राग यायचा. २०२४ च्या फेब्रुवारीत इलेक्ट्रिक लूना आली, मी मुद्दाम बघायला गेले. पायडल नाहीत हो तिला! मग लूना कसली.

माझी लूना १९९९ मध्ये एका गवळ्याने अठराशे रुपयांना नेली. चारेक वर्षांनी केडगावच्या रस्त्याला दिसली, दोन्हीकडे दुधाचे कॅन, रंग निळा केलेला, पण कॅरिअरवर तीच उशी होती, ट्यूबच्या पट्टीने बांधलेली. मी रिक्षात होते, थांबवली असती पण काय बोलणार त्याच्याशी.

पुरवणीसाठी गाडीबरोबरचा फोटो पाठवा असं तुम्ही लिहिलं होतं. अल्बम काढून बघितला, लूनाचे चार फोटो निघाले. चारही फोटोंत गाडीवर हे बसलेत आणि मी शेजारी उभी आहे. त्यामुळे फोटो पाठवत नाही, पत्र तेवढं छापा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
सावेडी, नगर