नावं न सांगता आभार

आशाताई, आमच्या पोरीवर लैंगिक अत्याचार झाला तेव्हा तिला "आधी आंघोळ कर" म्हणणाऱ्यांना तुम्ही अडवलंत, तुमचे आभार. अंगावरचे कपडे न धुता, सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवायला लावलेत. प्लास्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि पुरावा जातो.

ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टर, तक्रार नोंदवली नसली तरी उपचार मोफत मिळतात, हे तुम्ही दारातच सांगितलंत. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या असतात. मळमळ झाली की घरचेच बंद करायला लावतात, म्हणून तिच्या मायला आधीच बजावलंत.

शेजारच्या काकू, तुमचं ऋण सगळ्यात मोठं. कापूस वेचायला जाताना नेहमीसारखं "येतं का वं?" विचारायच्या, नाही म्हटलं तर आग्रह नाही, खोदून विचारणं नाही. झोपेतून उठवताना अंगाला हात न लावता दारातून नावाने हाक मारायची, हे घरच्यांना तुम्हीच शिकवलंत. "विसरून जा" म्हटल्याने पोरगी गप्प होते, बरी होत नाही.

घरी येऊन जबाब घेणाऱ्या पोलीस मॅडम साध्या कपड्यांत आल्या, गाडी फाट्यावर ठेवली. आणि टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर कॅलेंडरवर लिहून देणाऱ्या शाळेतल्या बाई, तुमचेही आभार.