बाहुलीच्या कपड्यांत नियम शिवून देणाऱ्या अक्कांना

सोलापूर

प्रिय अक्का,

सप्रेम नमस्कार.

कपड्यांच्या शिलाईचे पैसे चुकते झाले, पण शिवता शिवता तुम्ही जे सांगत गेलात त्याचा हिशेब आमच्या वहीत कुठे मांडायचा ते कळेना. म्हणून हे पत्र. उघडं लिहितोय, म्हणजे घरातल्या घरात पाळणाघर चालवणाऱ्या बाकीच्या बायकांनाही ते वाचता येईल आणि फॅशन बाहुल्यांचा, म्हणजे बार्बीसारख्या बाहुल्यांचा, खेळ कसा लावायचा हे एका जागी सापडेल.

या खेळाचे नियम म्हटलं की भिंतीवर कागद चिकटवला जातो. बूट तोंडात घालू नये, केस ओढू नयेत, दुसऱ्याची बाहुली हिसकावू नये. तीन वर्षांच्या लेकराला तो वाचता येत नाही, आणि सात वर्षांचं लेकरू वाचून पुन्हा तेच करतं. कागद बघून तुम्ही म्हणालात, "लेकराला नियम लावायच्या आधी वस्तूला लावा की." पुढचं सगळं त्या एका वाक्यातून निघालं.

पहिली गेली ती बुटं. फॅशन बाहुलीच्या बुटाचा जोड म्हणजे जेमतेम दोन सेंमीचे दोन तुकडे. पायात कधी घट्ट बसत नाहीत आणि रांगणाऱ्या बाळाला फरशीवर सगळ्यात आधी तेच दिसतात. "बूट सांभाळा" हा नियम चालत नाही. बूटच नाहीत, हा चालतो. त्याऐवजी तुम्ही जाड बनियनच्या कापडाचे गुडघ्यापर्यंतचे मोजे शिवलेत, एका बाजूला शिवण आणि वर ५ मिमीचं मऊ इलॅस्टिक. मोजा हरवला तरी घशात अडकून श्वास कोंडेल असा टणक तुकडा राहत नाही. तरी तोही मोजूनच ठेवतो.

बाकीच्या वस्तूंसाठी नळी. लहान तुकडे तपासायच्या प्रमाणित नळकांड्याचा आतला व्यास ३१.७ मिमी असतो आणि तिरप्या तळामुळे खोली २५.४ पासून ५७.१ मिमीपर्यंत. जी वस्तू न दाबता त्यात पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या लेकराच्या आसपास नको. इथे एक चूक सर्रास होते, ती सांगितलीच पाहिजे. हार्डवेअरच्या दुकानातून ३२ मिमीचा पीव्हीसी पाईप आणला की काम झालं असं वाटतं. पण पाईपचं माप बाहेरून धरतात. आतून तो २८ मिमीच्या आसपास भरतो, म्हणजे ३० मिमीची वस्तू आत जात नाही आणि आपण ती सुरक्षित समजून बसतो. ४० मिमीचा घ्यायचा, तो आतून साधारण ३६ भरतो. ५७ मिमी लांबीचा तुकडा कापायचा, कडा पॉलिशपेपरने घासायच्या. आपली चाचणी प्रमाणापेक्षा थोडी कडक होते, तेवढी असावीच. पर्स, कंगवे, मुकुट, कानातली सगळी यातून जातात. म्हणजे आपल्या खेळातून बाहेर जातात.

दिवा लागणारी किंवा गाणं म्हणणारी बाहुली नळीतून गेली नाही तरी घेत नाही. तिच्यातला बटणसेल गिळला गेला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत जखम करू शकतो. तसं झालं, किंवा नुसता संशय जरी आला, तरी उलटी करवायची नाही, थेट दवाखाना.

आता कपडे. इथे तुमचा हात.

साधी बार्बी साडेअकरा इंचांची, म्हणजे २९ सेंमी, माणसाच्या साधारण सहाव्या हिश्शाची. १९५९ साली आली तेव्हापासून हे माप फारसं हललेलं नाही. पण २०१६ पासून उंच, बुटक्या आणि भरल्या अंगाच्या अशा तीन ठेवणीही आल्या. भांडणाचं मूळ तिथं होतं. एकीचा फ्रॉक दुसरीच्या कमरेत अडकतो, लेकरू जोर लावतं, शिवण उसवते, मग रडारड. छाती १३, कंबर ९, नितंब १३ सेंमी एवढंच माप धरून शिवलेला कपडा भरल्या अंगाच्या बाहुलीला होतच नाही. तुम्ही सगळे कपडे मागून पूर्ण उघडे ठेवलेत आणि पदरावर पदर ३ सेंमी घेतलात. बारीक अंगावर तो पूर्ण चढतो, भरल्या अंगावर सेंटीमीटरभर. एकच परकर-पोलकं चौघींना होतं. "माझीचा कपडा" हा वाद निम्म्याने गेला.

बंद करायला टिचबटण नको, नाडी नको, गुंडी तर नाहीच. वेल्क्रो, आणि तोही शिवायचा. मागे गोंद लावलेला वेल्क्रो सुईला चिकटतो, दोरा तुटतो. शिवाय इथल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात गोंद पाघळून पट्टी सुटते, आणि सुटलेली पट्टी म्हणजे नवा लहान तुकडा. बाजारात मिळणारी २० मिमीची पट्टी उभी कापून ८ मिमीची करायची, लांबी ३ सेंमी. मऊ बाजू वरच्या पदराच्या आतून, खरखरीत बाजू खालच्या पदरावर बाहेरून. खरखरीत पट्टी मऊपेक्षा चारी बाजूंनी २ मिमी लहान. ही दोन मिमीची युक्ती आम्हाला कुणी सांगितली नव्हती. पट्टी बाहेर डोकावली की बाहुलीचे केस तिच्यात गुंततात, ओढून काढताना मुळापासून निघतात आणि डोक्यावर टक्कल दिसायला लागतं. चारी कडांना बखया, टोकाला तीनदा मागेपुढे.

बाह्या नाहीत. बाहुलीची बोटं फाकलेली असतात, बाहीत अडकतात, लेकरू खेचतं, अंगठा तुटतो. काखेचा घेर ७ सेंमी ठेवला की हात सहज जातो. मणी, टिकल्या, खडे नाहीत. काठ हवा तर छापील किंवा धाग्याने भरलेला. आतल्या कडा दुमडून शिवलेल्या, कारण सुटलेला धागा रांगणाऱ्या बाळाच्या बोटाला गुंडाळला तर रक्त अडतं. बाहुलीच्या केसांचंही तसंच. खेळ झाल्यावर बाळांच्या हातापायांची बोटं एकदा बघायची, हा आमच्या वहीतला नियम मोठ्यांसाठी आहे.

साडीचा हट्ट प्रत्येक घरात असतोच. खऱ्या साडीचा सहावा हिस्सा काढला तर ९० सेंमी लांब, १९ सेंमी रुंद पट्टी होते. दिसते देखणी, पण ९० सेंमीची मोकळी पट्टी लेकराच्या गळ्याभोवती दोन वेढे घेते. तुम्ही निऱ्या घालून कमरपट्टीला शिवून टाकल्यात आणि पदर २० सेंमीवर कापलात. तेव्हापासून आमचं माप ठरलं: खेळातल्या कुठल्याच वस्तूला २२ सेंमीपेक्षा लांब लोंबतं काही नको.

कापडाचं तुम्ही सांगितलंत ते तर गावातच मुबलक. युनिफॉर्मच्या कारखान्यांतले कटपीस स्वस्त पडतात, पण गडद निळा सुती तुकडा बाहुलीच्या पायावर रंग सोडतो. तो रंग वरवर बसत नाही, प्लॅस्टिकमध्ये मुरतो. म्हणून प्रत्येक गडद तुकडा आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने वीस वेळा घासायचा. फडकं रंगलं तर तुकडा बाद, किंवा आतून पांढऱ्या मलमलीचं अस्तर. टेरीकॉट सहसा पास होतं.

खेळायची जागाही कापडानेच ठरवली. खेळ चादरीवरच, चादरीबाहेर काही न्यायचं नाही. संपला की चार कोपरे उचलायचे, सगळा पसारा आपोआप मध्ये. मात्र सोलापुरात राहून हे लिहायला जड जातं, की ती चादर सोलापुरी नको. विणीतल्या रंगीत नक्षीत लहानशी वस्तू पडली की दिसत नाही. साधं, फिकं, एकरंगी पलंगपोस घ्यायचं, साधारण ५ बाय ७ फुटांचं. त्यावर चार लेकरं, पाच बाहुल्या. लेकरांइतक्याच बाहुल्या ठेवल्या तर "मला ती हवी" सुरू होतं. एक जास्त असली की अदलाबदलीला वाव राहतो. घरून आणलेली बाहुली दप्तरातच राहते, ही गोष्ट आईला पहिल्याच दिवशी सांगायची.

तीन वर्षांखालची लेकरं झोपलेली असतात तेव्हाच हा खेळ, दुपारी साधारण दीड ते तीन. लहानग्यांसाठी तुम्ही शिवलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या, डोळे धाग्याने भरलेले. एक जण जागं झालं की चादर उचलायची, खेळ अर्धवट असला तरी. यावर मोठी लेकरं कुरकुर करतात. करू द्यावी.

केस विंचरायचे ते टोकाकडून वर, दोन-दोन सेंमी, वरचा भाग मुठीत धरून. मुळापासून कंगवा ओढला की गाठ घट्ट होते. आपल्याकडे मुली बाहुलीला खोबरेल लावतात, प्रेमाने. त्यावर धूळ बसून आठवड्यात केसांची चिकट वात होते. मग मगभर पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड, दोनदा. नळाला पाणी येण्याच्या दिवशी हे काम काढायचं, आणि धुताना मान पाण्याबाहेर ठेवायची. मानेच्या सांध्यातून पाणी आत गेलं की ते सुकत नाही, वास येतो. हेअर ड्रायर लावला तर केस वितळतात.

वाळवायला गच्चीवर किंवा पत्र्यावर नाही. उन्हाळ्यात प्लॅस्टिक मऊ ठेवणारं द्रव्य वर येतं, अंग चिकट होतं आणि पुन्हा कोरडं होत नाही. आठवड्यातून एकदा गुडघे दाबून बघायचे. आत तार असलेला गुडघा चिरला की तार टोचते. मान तुटली तर फेव्हिक्विक लावत बसू नये, टाकून द्यावी.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, सिद्धेश्वरांच्या यात्रेतला अक्षता सोहळा, म्हणजे लग्नाचा सोहळा, झाला की पुढचे पंधरा दिवस प्रत्येक पाळणाघरात बाहुलीचं लग्न लागतं. लेकरं "सत्यम सत्यम" म्हणतात आणि मूठभर तांदूळ उधळतात. तांदळाचा दाणा नाकात जातो, कानात जातो, लहानग्यांच्या तोंडात जातो. तुम्ही हातरुमालाएवढे पंधरा पिवळे चौकोन कापून दिलेत. ते उधळताना जास्त मजा येते, हवेत तरंगत खाली येतात, आणि पंधरा मोजून परत डब्यात. हळद मात्र कुणीतरी लावतंच. साबणाने निघत नाही. खिडकीतल्या सकाळच्या कोवळ्या उजेडात रोज तासभर ठेवली की फिकट होत जाते. लिपस्टिक आणि बॉलपेन सहज जात नाहीत, म्हणून चादरीवर दोन्ही नाहीत.

यात्रेच्या गड्ड्यावरची, म्हणजे जत्रेतल्या दुकानांतली, बाहुली घ्यायची का, असं पालक विचारतात. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यावर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. चिन्ह नसेल, उग्र वास येत असेल, डोकं चिमटीत ओढून निघत असेल, तर नको.

दोन गोष्टी कपड्यांच्या पलीकडच्या. लेकरं बाहुलीचे कपडे काढतात. त्यांना त्यात काही वाटत नाही, आपल्यालाच वाटतं. कपडे काढणं-घालणं हे बोटांचं काम आहे, त्यावर "शी" म्हणायचं नाही. फार तर "हिला थंडी वाजतेय, काय घालायचं?" हे तुमचंच वाक्य, आम्ही जसंच्या तसं उचललं. पण एखादं लेकरू वयाला न शोभणारं काही बारकाव्याने बाहुल्यांत पुन्हा पुन्हा करत असेल, तर उलटतपासणी करू नये, त्याचे शब्द आहेत तसे लिहून ठेवावेत, विश्वासातल्या पालकाशी एकांतात बोलावं. घरातच धोका वाटला तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

दुसरं, "नवरी गोरीच पाहिजे", "ही जाडी, हिला नको". इंग्लंडमध्ये ५ ते ८ वर्षांच्या १६२ मुलींना चित्रं दाखवून केलेला अभ्यास २००६ साली छापून आला. बार्बीची चित्रं पाहिलेल्या लहान मुलींना स्वतःचं शरीर कमी आवडलं होतं. आम्ही वाद घालत नाही. नवरीची चिठ्ठी काढतो, पाच बाहुल्या, पाच चिठ्ठ्या. मुलगेही चादरीवर बसतात, आणि वेल्क्रो त्यांना जास्त आवडतो, चर्र आवाजासाठी. लेकराच्या रंगावर किंवा अंगावर मोठ्यांनी बोलायचं नाही, आलेल्या आज्यांनीसुद्धा. हा नियम पाळून घेणं सगळ्यात अवघड जातं, खरं सांगायचं तर.

पत्रासोबतच्या पिशवीत चार परकर परत पाठवतोय. वेल्क्रोच्या खरखरीत बाजूत केस आणि धूळ भरलीय; सुईने उपसून पाहिलं, पण दोन पट्ट्या गेल्यात. त्या बदलून द्याल का? आणि पिवळ्या अक्षतांपैकी तीन कमी आहेत. बाराच उरल्यात.

तुमच्या,
जुळे सोलापूर आणि होटगी रोडच्या पाळणाघरवाल्या