ताई, त्या दिवशी तुम्ही माझा हात धरलात

प्रिय ताई,

दगडावरच्या एका नारिंगी डागाचा, म्हणजे तिथे वाढलेल्या दगडफुलाचा, फोटो मला हवा होता. डाग सावलीत होता, म्हणून तो खरवडून उन्हात न्यायचा असा माझा बेत होता. खिशातली किल्ली दगडाला टेकवली आणि तुम्ही मागून हात धरलात. रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, "नखाएवढं व्हायला त्याला किती वर्षं लागली असतील, सांग बरं." आणि गळ्यातलं भिंग काढून माझ्या हातात दिलंत.

त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते, म्हणून आज सगळ्यांसमोर मानतेय.

भिंग दगडाजवळ धरायचं नाही, डोळ्याला चिकटवायचं आणि आपणच पुढे सरकायचं, हेही तुम्हीच शिकवलंत. मी गुडघ्यांवर बसले आणि त्या डागाच्या जागी मला वाट्याच वाट्या दिसल्या. टाचणीच्या डोक्याएवढ्या, कडा फिकट, आतला रंग गडद नारिंगी, एकीला खेटून दुसरी. या वाट्यांतून बुरशीचे बीजाणू उडतात, पण त्यांच्याबरोबर शैवाल जात नाही, ते नव्या जागी नव्यानं भेटावं लागतं, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मी बराच वेळ गप्प होते. दगडफूल ही एकच वनस्पती नाही, बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार आहे, हे सायमन श्वेंडेनर यांनी 1867 मध्ये मांडलं, तेव्हा भल्याभल्या अभ्यासकांना ते पटलं नव्हतं. मला मात्र त्या वाट्या बघता बघता पटलं.

मग फोटोची बाजू. फोटो पुसट येतात ते कॅमेऱ्यामुळे, असंच मी धरून चालले होते. वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा लेन्सचं छिद्र एफ 8 एवढं लहान ठेवलं तरी जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो, हे तुम्ही समजावलंत. वाटीची कड धरली की तळ जातो, तळ धरला की कड जाते. छिद्र फारच लहान केलं तर सगळंच मऊ पडतं. म्हणून कॅमेरा हलू न देता फोकस केसभर पुढे सरकवत वीस-पंचवीस फोटो घ्यायचे आणि नंतर ते एकत्र जोडायचे. माझा पहिला जोडलेला फोटो तुम्ही किती वेळ बघत होतात! काही बोलला नाहीत, पण त्या बघण्यानंच मला धीर आला.

पाण्याचा फवाराही तुमचाच. कोरडं, राखाडी दगडफूल ओलं झालं की वरची साल पारदर्शक होते आणि खालच्या शैवालाचा हिरवा रंग वर येतो. दोन-तीन मिनिटांत होतं हे. पण आधी कोरड्याचा फोटो, मगच पाणी, हा तुमचा क्रम मी आजवर मोडलेला नाही, कारण त्या दोन फोटोंमधला फरक हीच मला सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

आता मॉसच्या देठांवरच्या इवल्या बोंडांपाशी थांबते, पानामागच्या किड्याच्या अंड्यांपाशी थांबते. चालायला कुणी बरोबर असलं की वैतागतं. पण नकाशासारखं दिसणारं ते पिवळं-हिरवं दगडफूल बहुतेकदा वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही, त्याच्यासमोर अर्धा तास म्हणजे काय हो!

भिंग अजून माझ्याकडेच आहे. दोरी झिजली होती, ती बदलली. परत द्यायला येते, तेव्हा त्या दगडापाशी जाऊ. किल्लीचा ओरखडा डागाच्या कडेला अजून तसाच आहे. तो बुजायला लागलाय का, तुमच्या डोळ्यांनी एकदा बघायचंय.

तुमची,
किल्लीवाली मुलगी